असईच्या रानातला युरोप आणि आपल्या वहीतला युरोप

जालन्यातल्या कोणत्याही अभ्यासिकेत जा आणि तिथल्या पोरापोरींची राज्यघटनेची वही उघडून बघा. एका पानावर हमखास एक तक्ता सापडतो. आयर्लंडकडून मार्गदर्शक तत्त्वे. जर्मनीच्या वायमार घटनेकडून आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करण्याची तरतूद. फ्रान्सकडून स्वातंत्र्य, समता, बंधुता. एक मार्क पक्का, पान उलटा. वायमार हे गाव आहे की माणूस, ती घटना चौदा वर्षांत कशी मेली आणि तिच्या मढ्यावर कोण उभं राहिलं, हे कोणी विचारत नाही, कारण ते पेपरला येत नाही. आणि तक्त्यातली शेवटची ओळ तर बाबासाहेबांनीच खोडून ठेवलेली आहे. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की ही तीन तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपल्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. तरी आपलीच पोरं ती ओळ घोकतात आणि मार्क घेतात.

आम्ही काही विद्यार्थी दर रविवारी एकत्र बसून वाचतो. कोणी अंबडचा, कोणी मंठ्याची, कोणी जालन्यातल्याच वस्तीतला. गेल्या काही महिन्यांपासून आम्ही युरोपचं राजकारण वाचायला घेतलं, तेव्हापासून आम्हाला दोन बाजूंनी टोमणे बसत आहेत. आमच्यातल्या एकाच्या कॉलेजातले प्राध्यापक म्हणाले, "तुम्हा लोकांना आंतरराष्ट्रीय संबंध कशाला? सामाजिक विषय घ्या, तुम्हाला जमतो." दुसरीकडे चळवळीतलेच एक ज्येष्ठ दादा म्हणाले, "गावात बहिष्कार पडतोय आणि तुम्ही युक्रेन काय घेऊन बसलात?" पहिल्याचा अर्थ सरळ आहे: जग आमचं, वस्ती तुमची. दादांचं म्हणणं कळकळीचं आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. पण दोघांचा निकाल एकच निघतो, की परराष्ट्र धोरण, युद्ध, सुरक्षा हे आपले विषय नाहीत. हा लेख त्या निकालाविरुद्ध आहे.

आधी आपल्याच जिल्ह्यातून सुरुवात करू. भोकरदन-जाफराबादच्या बाजूला केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं गाव आहे. आपल्यातले किती जण तिथं गेले आहेत? दर १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो, जायलाच पाहिजे. पण २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रानात जे घडलं त्यावर मराठवाड्यातल्या पोरांना चार वाक्यं सांगता येत नाहीत, आणि इंग्लंडमधली लष्करी इतिहासाची पुस्तकं मात्र त्यावर प्रकरणंच्या प्रकरणं लिहितात. कारण तिथं जिंकलेला चौतीस वर्षांचा सेनापती आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ ला त्यानं वॉटर्लूवर नेपोलियनला हरवलं. म्हातारपणी त्याला विचारलं गेलं की आयुष्यात लढाईतली तुमची सर्वात चांगली कामगिरी कोणती. त्यानं वॉटर्लू नाही, असई सांगितलं.

आता त्या लढाईत कोण कोणाच्या बाजूनं होतं ते बघा. शिंदे आणि नागपूरकर भोसले एका बाजूला. शिंद्यांची कवायती पायदळ पलटणं युरोपियन पद्धतीनं तयार केलेली. त्यांची पायाभरणी महादजींच्या काळात द बॉइन नावाच्या सव्हॉयच्या माणसानं केली होती. असईच्या दिवशी त्या पलटणींचा प्रमुख होता पोलमन, हानोव्हरचा जर्मन, पूर्वी कंपनीच्याच फौजेत सार्जंट असलेला. गंमत अशी की तेव्हा हानोव्हरचा शासक (इलेक्टर) आणि इंग्लंडचा राजा एकच, तिसरा जॉर्ज. म्हणजे जालन्याच्या मातीत एका राजाचा माणूस त्याच राजाच्या झेंड्याविरुद्ध पगारावर लढत होता. बेगम समरूची पलटणंही शिंद्यांकडे होती. आणि इंग्रजांच्या बाजूला कोण? मद्रास फौजेचे शिपाई, स्कॉटलंडच्या दोन पलटणी, म्हैसूरचे घोडेस्वार, आणि दस्तुरखुद्द पेशव्याचे घोडेस्वार! ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह करून दुसऱ्या बाजीरावानं आपली गादी कंपनीच्या संगिनींवर टेकवली होती. जे लोक आम्हाला उठता-बसता कोरेगावच्या महार शिपायांवरून देशद्रोहाचे दाखले देतात, त्यांना असईच्या रानात पेशव्याची घोडी कुठल्या बाजूला चरत होती हे एकदा विचारायला हवं.

लढाई चालू व्हायच्या आधीच शिंद्यांची एक बाजू ढासळली होती. कंपनी सरकारनं जाहीरनामा काढला की मराठ्यांच्या नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ती सोडावी, त्यांची सोय केली जाईल. बरेच जण निघून गेले. पगारी परक्या माणसांवर उभी केलेली सुरक्षा ऐन वेळी अशी गळते. तरीही शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत, इंग्रजांचे दीड हजारांहून जास्त लोक ठार-जखमी झाले, हे वेलस्लीच्या बाजूच्यांनीही लिहून ठेवलं. तोफेजवळ मरणाऱ्या त्या माणसांची नावं कुठल्याही बखरीत नाहीत. तोफा जिंकल्या गेल्या, नव्वदाच्या वर. वर्ष संपता संपता, ३० डिसेंबरला, सुर्जी-अंजनगावचा तह झाला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख, त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा, हातचा गेला आणि पुढे तो निजामाकडे आला. म्हणजे आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात का होता, आपल्या आजोबा-पणजोबांची शाळा उर्दूत का होती, याचं एक टोक असईच्या रानात आहे आणि दुसरं टोक पॅरिस-लंडनच्या भांडणात. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली, म्हणजे आर्थरचा थोरला भाऊ, याला शिंद्यांच्या फौजेतल्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या आडून नेपोलियन दिसत होता. युरोपच्या सुरक्षेची भीती भोकरदनच्या ज्वारीत येऊन लढली गेली. आणि आम्हाला विचारतात, तुमचा युरोपशी संबंध काय!

आता हेच चित्र उलटं करून बघा. १८०३ ला हानोव्हरचा गरीब माणूस पगारासाठी जालन्याच्या रानात आला होता. २०२३-२४ मध्ये भारतातली गरीब पोरं मदतनीसाची, सुरक्षारक्षकाची नोकरी म्हणून रशियाला नेली गेली आणि युक्रेनच्या आघाडीवर पोहोचली. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानंच सांगितलं की अशी १२६ प्रकरणं आहेत, १२ जण मेले, १६ बेपत्ता आहेत. ती पोरं कोणी मोठ्या घरची नव्हती. एजंटला लाख दोन लाख देऊन परदेशी नोकरीचं स्वप्न विकत घेणारी पोरं कुठल्या घरातली असतात हे आपल्याला माहीत आहे. आपल्याकडेही सैन्यभरतीच्या मैदानावर पहाटे चारला धावणारी पोरं आहेत. अग्निपथ योजनेनंतर चार वर्षांनी त्यातल्या बहुतेकांना घरी यायचं आहे. लष्करी शिक्षण आहे, काम नाही, अशा पोराला उद्या कोण कुठलं युद्ध विकेल? हा प्रश्न वस्तीतला आहे की आंतरराष्ट्रीय संबंधांचा, ते त्या प्राध्यापकांनी ठरवावं.

युक्रेनवरून अजून एक विष आपल्या अंगावर आलं. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथं वैद्यकीय शिक्षण घेणारी हजारो भारतीय मुलं परत आणावी लागली. १ मार्चला खारकीव्हमध्ये कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी मारला गेला. त्याचं रक्त वाळायच्या आत व्हॉट्सॲपवर सुरू झालं: आरक्षणामुळे हुशार मुलांना युक्रेनला जावं लागतं. आमच्या वर्गातल्या ग्रुपवरही ते आलं. त्या दिवशी आमच्यातल्या कोणालाच नीट उत्तर देता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या वाचनाची सुरुवात त्या अपमानातून झाली. उत्तर फार अवघड नव्हतं. सरकारी महाविद्यालयांतल्या जागा मर्यादित, खाजगी महाविद्यालयाची फी कित्येक दशलक्षांत, आणि युक्रेनमधला सगळा कोर्स त्याच्या एका भागात. मुलं युक्रेनला पाठवली ती शिक्षणाच्या बाजारानं. ज्या घराला देशात पैसे देऊन सीट घेणं परवडत नाही पण कर्ज काढून विमानात बसवणं जमतं, त्या घराची ती वाट होती. खाजगी कॉलेजवाल्यांना प्रश्न विचारण्यापेक्षा आमच्याकडे बोट दाखवणं सोपं असतं.

बाबासाहेबांना युरोपच्या युद्धाची झळ पुस्तकांनी कळली. १९१७ ला लंडनहून परत येताना त्यांचं सामान, त्यात जमवलेली पुस्तकं, वेगळ्या जहाजानं निघालं होतं. ते जहाज जर्मन पाणबुडीनं बुडवलं. पुढे १९२० ला ते परत लंडनला गेले, १९२१ मध्ये जर्मनीच्या बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी जर्मन भाषेत अर्ज केला. युरोप त्यांनी डिग्रीपुरता वापरला नाही. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' उघडा. जातीच्या प्रश्नावर लिहिताना हा माणूस लासालचं प्रशियातलं भाषण आणतो, आयर्लंडच्या रेडमंड आणि कार्सनचा संवाद आणतो, रोमच्या प्लेबियनांचा इतिहास आणतो, ल्यूथर आणतो. १९४० च्या पाकिस्तानवरच्या ग्रंथात तुर्कस्तान आणि झेकोस्लोव्हाकियावर चर्चा आहे आणि हिंदुस्थानच्या संरक्षणावर, सैन्यात कोण किती आहे यावर स्वतंत्र प्रकरण आहे. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात हिंदू कोड बिलाबरोबरच परराष्ट्र धोरण हेही एक कारण आहे. त्यांनी हिशोब मांडला होता: ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात, कारण आपल्याला जगात मित्र नाहीत, आणि मग गरिबांसाठी उरत काय? परराष्ट्र धोरण चुकलं की वसतिगृहाचे पैसे कापले जातात, असा सरळ संबंध त्यांनी जोडला. हे निवेदन आपण हिंदू कोड बिलापुरतं वाचतो आणि उरलेलं सोडतो.

१९५४ ला राज्यसभेत ते पंचशीलावर तुटून पडले, पूर्व युरोपातली राष्ट्रं रशियानं एकेक करून कशी गिळली याची यादी वाचली. त्यांचं प्रत्येक मत आज तसंच्या तसं घ्यावं असं आम्ही म्हणत नाही. आमच्या मंडळातच यावर जोरात भांडण झालं. एक मैत्रीण म्हणाली, अमेरिकेच्या बाजूनं ते जास्तच झुकले होते. असेल. पण 'रशिया आपला जुना मित्र' म्हणून दुसऱ्याच्या शहरावर पडणाऱ्या बॉम्बकडे पाठ फिरवणारे, आणि 'मजबूत नेता' म्हणून पुतिनचे फोटो स्टेटसला ठेवणारे आपल्यातही आहेत. त्यांनी ते भाषण एकदा वाचावं, मग हवं तर बाबासाहेबांशी असहमत व्हावं.

मजबूत नेत्याचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकू. मराठवाड्यातल्या कुठल्याही बसस्टँडवरच्या पुस्तकाच्या गाड्यावर हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर असतं. व्यक्तिमत्त्व विकास आणि श्रीमंत कसं व्हावं यांच्या मधोमध. आणि आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, ते आपल्या पोरांच्या खोलीतही आहे. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर आम्ही ते पाहिलंय. विचारलं तर पोरगा म्हणतो, "इच्छाशक्ती बघा ना त्याची." त्या इच्छाशक्तीनं साठ लाख ज्यू मारले, आणि आपल्याला अजून कमी माहिती असलेली गोष्ट म्हणजे लाखो रोमा-सिंती लोक मारले. त्याला खुल्या निवडणुकीत कधीच बहुमत मिळालं नव्हतं. १९३२ च्या जुलैत ३७ टक्के, नोव्हेंबरात ३३. त्याला ३० जानेवारी १९३३ ला चान्सलर केलं ते वरच्या वर्गाच्या लोकांनी, आपण त्याला वापरून घेऊ या हिशोबानं. आणि ज्या वायमार घटनेची ओळ आपण घोकतो, तिच्या ४८ व्या कलमातल्या आणीबाणीच्या अधिकारांचाच वापर करून फेब्रुवारीत नागरिकांचे हक्क स्थगित झाले. मार्चमध्ये संसदेनं स्वतःच कायदे करण्याचा अधिकार त्याच्या हाती दिला. घटना रद्द केली असं कोणी जाहीर केलं नाही. ती कागदावर होती तशीच राहिली. संविधान बदलणार की नाही यावर आपण निवडणुकीत तावातावानं भांडतो, पण न बदलता ते कसं रिकामं करता येतं याचा धडा त्या एका मार्काच्या ओळीत आहे.

इथल्या कोणाला तो माणूस आवडला होता तेही माहीत असू द्या. मुंजे १९३१ च्या मार्चमध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले, तिथल्या तरुणांच्या लष्करी संघटना बघून आले, आणि पुढे नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभं राहिलं. गोळवलकरांच्या १९३९ च्या पुस्तकात जर्मनीच्या वंशाभिमानाची वाखाणणी आहे. आणि त्याच काळात, १९४२ मध्ये कॅनडातल्या परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात बाबासाहेब सांगत होते की नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांचा अस्पृश्यांबद्दलचा व्यवहार यांच्या विचारात आणि परिणामात फरक नाही. ज्यानं हे लिहिलं त्याच्या फोटोखाली ते पुस्तक ठेवायचं?

आता सुरक्षेबद्दल. बाजारात सुरक्षेचा अर्थ रणगाडे आणि राफेल असा आहे. आम्हाला वाचताना वेगळाच धागा सापडला, तो म्हणजे हमीचा. ३० सप्टेंबर १९३८ चा म्युनिक करार घ्या. झेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला द्यायचं ठरलं तेव्हा इंग्लंड, फ्रान्स, इटली आणि जर्मनी टेबलावर होते. झेक प्रतिनिधींना आत घेतलंच नाही. उरलेल्या देशाला सुरक्षिततेचा शब्द दिला गेला, सहा महिन्यांत जर्मन फौजा प्रागमध्ये होत्या. नंतर ५ डिसेंबर १९९४ चा बुडापेस्टचा मसुदा घ्या. युक्रेननं आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं सोडायची आणि रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा मान राखण्याचं आश्वासन द्यायचं. आश्वासन, बांधील हमी नाही. शब्द मोडला तर काय, याची यंत्रणाच नाही. २०१४ ला क्रिमिया गेला, २०२२ ला बॉम्ब पडले.

आपल्याला हे ओळखीचं वाटत नाही का? २४ सप्टेंबर १९३२. येरवडा. गोलमेज परिषदेत स्वतः जाऊन, टेबलावर बसून मिळवलेले स्वतंत्र मतदारसंघ एका उपोषणाच्या दडपणाखाली सोडावे लागले, त्या बदल्यात जास्त जागा आणि सवर्ण पुढाऱ्यांचा शब्द मिळाला. जागा कागदावर होत्या, त्या राहिल्या. शब्दाचं काय झालं ते 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात आकड्यांसह आहे. म्हणूनच १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेब भावनेची एक ओळ न लिहिता कलमं लिहितात. बहिष्कार टाकला तर शिक्षा काय, चिथावणी दिली तर काय. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या अल्पसंख्याकांसाठी तह झाले होते, राष्ट्रसंघाकडे तक्रारीची सोय होती, आणि बलवान राष्ट्रांनी ती मोडीत काढली, हे त्यांच्या डोळ्यासमोर घडलं होतं. युक्रेन म्हणजे दलित आणि रशिया म्हणजे सवर्ण, असलं सोपं गणित आम्ही मांडत नाही. युक्रेनच्या सीमेवर त्याच फेब्रुवारीत आफ्रिकी आणि भारतीय विद्यार्थ्यांना रांगेतून मागे ढकललं गेल्याच्या बातम्या आल्या होत्या, आफ्रिकन युनियनला निवेदन काढावं लागलं होतं. मार खाणाराही दुसऱ्याला ढकलतो, हे आपल्याला जातिव्यवस्थेच्या पायऱ्यांनी चांगलं शिकवलंय. पण बलवानाचा शब्द आणि अंमलात आणता येणारा कायदा यांतला फरक ज्याला भोगावा लागला, त्याला बुडापेस्ट समजायला प्राध्यापक लागत नाही.

आणि ज्यांच्यासाठी आम्ही युरोप सोडूच शकत नाही ते लोक म्हणजे रोमा. हजार वर्षांपूर्वी आपल्याकडून तिकडे गेलेले. त्यांची भाषा ऐका: एक, दुई, त्रिन, श्तार, पांज. पाण्याला पानी, नाकाला नाख. पारध्याच्या पालावर किंवा वीटभट्टीवरच्या झोपडीत ही भाषा कोणाला परकी वाटणार नाही. युरोपभर त्यांना चोर ठरवलं, गुलाम केलं, गावाबाहेर ठेवलं. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा केला, ती नजर ते घरूनच घेऊन आले होते आणि इथं मनुस्मृतीनं तयार ठेवलेली जमीन त्यांना मिळाली. नाझींनी रोमांना मारलं हे पश्चिम जर्मनीनं वंशसंहार म्हणून मान्य करायला १९८२ साल उजाडलं. त्याआधी १९८० ला सिंती कार्यकर्त्यांना दाखाऊच्या छळछावणीत उपोषणाला बसावं लागलं होतं. बर्लिनमध्ये त्यांचं स्मारक झालं २०१२ ला.

हंगेरीत सायोकाझा नावाचं खाणमजुरांचं खेडं आहे. तिथं रोमा वस्तीतल्या पोरांसाठी २००७ पासून एक माध्यमिक शाळा सुरू झाली, तिचं नाव डॉ. आंबेडकर शाळा. देर्दाक तिबोर आणि ओर्शोश यानोश या दोन कार्यकर्त्यांना बाबासाहेबांचं चरित्र वाचून ते आपलंच वाटलं. ते महाराष्ट्रात आले, इथल्या बौद्ध वस्त्या बघितल्या, आणि तिकडे 'जय भीम नेटवर्क' उभं केलं. विचार करा, युरोपातला एक रोमा पोरगा जातीयवादी शिक्षकासमोर उभा राहायला बाबासाहेब वाचतो, आणि जालन्यातला पोरगा इच्छाशक्तीसाठी हिटलर वाचतो.

चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरातल्या अठरा रोमा मुलांनी युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात खटला चालवला. रोमा मुलं मतिमंदांच्या शाळेत टाकली जात होती, सगळ्यांना एकच चाचणी, नियम वरवर सर्वांना सारखा. त्या शहरात रोमा मूल अशा शाळेत जाण्याची शक्यता इतरांच्या २७ पट होती. १३ नोव्हेंबर २००७ ला निकाल लागला: हेतू सिद्ध करायची गरज नाही, सारखा दिसणारा नियम एका समूहालाच चिरडत असेल तर तो भेदभावच. अप्रत्यक्ष भेदभावाची ही कल्पना आम्ही वाचली त्या रविवारी बैठक दोन तास लांबली. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर जमा होते पण फी प्रवेशाच्या दिवशी लागते, हा नियमही सर्वांना सारखाच आहे की! २०१६ ला दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली, तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज रोमांना भारताची लेकरं म्हणाल्या. त्या लेकरांची इथं राहिलेली भावंडं अजून जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्यांवर बसलेली आहेत.

युरोप स्वर्ग आहे असा आमचा भ्रम नाही. युरोपियन संसदेनं २०१३ ला जातिभेदाविरुद्ध ठराव केला. ब्रिटनच्या संसदेनं त्याच वर्षी समता कायद्यात जात घालण्याचं बंधन सरकारवर टाकलं, आणि २०१८ ला सरकारनं तिथल्या सवर्ण संघटनांच्या दबावानंतर त्यातून अंग काढलं. जात पासपोर्ट घेऊन फिरते. जर्मनीत २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांच्या विरोधावर उभा असलेला पक्ष २० टक्क्यांवर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला, हेही आम्ही वाचतो. शिकायला तिकडे जाणाऱ्या आपल्या पोरांना त्याच रस्त्यावर चालायचं आहे.

पण तिकडे जाणार कोण, कशावर? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या वर्षाला १२५ जागा, सगळ्या देशासाठी. २०२२ ला तिच्या नियमात एक ओळ घातली गेली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती नाही. ९ मे १९१६ ला कोलंबियात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. आजच्या नियमात ते अपात्र. २०२५ च्या जुलैत तर निवड झालेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रं गेली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर, असं सांगण्यात आलं. हे पैसे कुठे जातात याचं उत्तर १९५१ च्या त्या निवेदनात शोधता येईल.

त्या एका ओळीला आमचा विरोध आहे आणि तो करत राहू. पण तिचा एक अर्थ आम्ही असाही घेतला: जातीवर परदेशात लिहू देत नसाल तर आम्ही युरोपवर लिहू. रोमांवर, वायमारवर, म्युनिकवर, नाटोवर. शेकडो वर्षं त्यांनी आमच्यावर प्रबंध लिहिले, आता अंबडच्या पोरीनं त्यांच्यावर लिहावा. दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगतो. गावातला बहिष्कार आम्ही सोडलेला नाही, मागच्या महिन्यात तुमच्यासोबत पोलीस ठाण्यात आम्हीच बसलो होतो. रात्री परत आल्यावर जे वाचायचं त्याबद्दल हे सगळं आहे.

येत्या २३ सप्टेंबरला आम्ही असईला जाणार आहोत. फौज कुठून नदी उतरली ते बघायचं, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना काय आठवणी सांगितल्या गेल्यात ते विचारायचं, आणि तिथंच बसून 'पाकिस्तान'मधलं संरक्षणाचं प्रकरण वाचायचं. ज्यांना यायचं त्यांनी आपापली भाकरी बांधून आणावी. भोकरदनहून पुढे गाडी मिळते का, हे मात्र आधी विचारून ठेवा.

जयभीम.